सुफळ संपूर्ण? – कथेत दुबळ्याला छळणाऱ्याचं पुढं काय होतं

वळचण
शनिवार, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र आहे, आज लिहायला बसले त्याला कारण आमची पाच वर्षांची कन्या.

तिला रोज झोपताना चिऊकाऊची गोष्ट लागते. तीच. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, धो धो पाऊस येतो, कावळ्याचं घर जातं वाहून आणि तो येतो चिमणीच्या दाराशी. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. थांब, अंग पुसू दे. थांब, तीट लावू दे. आमच्याकडे ही यादी फार लांबते कारण खरी मजा त्यातच आहे, मी तर बाळाची नखं कापणं, सर्दीचं औषध आणि मोज्यांची जोडी शोधणं पण घातलंय त्यात, चिमणीच्या पिल्लाला मोजे, चालतं. तर काल मोज्यांपर्यंत आलो आणि कन्या म्हणाली, आई, तोपर्यंत कावळा कुठं उभा होता? म्हटलं बाहेर. छत्री होती? नव्हती गं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, पण चिऊताईला ऐकू येत होतं ना?

तीस वर्षं ही गोष्ट ऐकतेय, सांगतेय, आणि दर वेळी मी आपली चिमणीबरोबर आत कोरड्यात बसलेली. बाहेर उभ्या असलेल्याकडे एकदाही लक्ष गेलं नाही हो.

मग झोप उडाली आणि एकेक कथा डोक्यात यायला लागल्या. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांत हिशोब कसा चोख असतो बघा. शुक्रवारची घ्या. भावाकडे सहस्रभोजन, गरीब बहीण न बोलावता पोरांना घेऊन जाऊन पंगतीला बसते, भाऊ तूप वाढायला येतो आणि तिला म्हणतो की तुझ्याकडे ना धड लुगडं ना दागिना, लोक हसतात, येऊ नकोस. पोरांसाठी ती परत जाते, तर तिसऱ्या दिवशी हाताला धरून बाहेर काढतो. पुढे देवी प्रसन्न, हिला बरे दिवस, मग भाऊ स्वतः जेवायला बोलावतो. ही येते, शालू-दागिने उतरवून पाटावर मांडते आणि लाडू उचलून सरीवर ठेवते, जिलबी चिंचपेटीवर. अगं हे काय? ज्यांना जेवायला बोलावलंस त्यांनाच घालतेय. आई ही कहाणी वाचायची तेव्हा या ठिकाणी तिचा आवाज किंचित चढायचा, हातात तांदूळ असायचे, मूठ घट्ट व्हायची.

तर मला गप्पा मारायच्यात त्या ह्यावर. कथाच घ्या, कादंबऱ्या नकोत. दुबळ्याला छळणारी माणसं, आणि मग त्यांचं काय झालं. आणि खरं खरं सांगा, त्यांना फळ मिळालं की तुम्हाला बरं वाटतं का? मला हल्ली असं वाटायला लागलंय की फळ मिळालं की मी त्या कथेतून सुटते. हिशोब मिटला, दिवा बंद, झोपा. जिथं मिळत नाही ती कथा मात्र पाठ सोडत नाही.

शेंगदाणा
रविवार, सकाळी ७.१०

रुमाल टाकून ठेवतो, सावकाश लिहीन.

तोपर्यंत एक. आमच्या आजीच्या गोष्टीत चिमणी शेवटी दार उघडते आणि म्हणते, गारठला असशील, जा तव्यावर बस. मग कावळ्याचं बूड भाजतं आणि आम्ही सगळी नातवंडं खदाखदा हसायचो. आता लिहिताना कसंतरी वाटतंय.

बटरखारी
रविवार, सकाळी ९.३४

@शेंगदाणा आमच्याकडे उलटं होतं, कावळा आत येतो आणि कोपऱ्यात बसून कुडूम कुडूम काहीतरी खातो, चिमणी विचारते काय खातोस तर म्हणतो मामाने दिलेले चणे, आणि असतात तिचेच साठवलेले दाणे. म्हणजे दार न उघडणं बरोबरच होतं असं निघतं त्यातून. बहुतेक आमची आजी घरमालकीण होती म्हणून असेल.

तळटीप
रविवार, सकाळी १०.०५

छान धागा. पण वळचणताई, कहाण्यांत सगळीकडे फळ म्हणजे दणका असं नाहीये. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजाला हुक्की येते की महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा. दवंडी. सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणायचं. लोक घाबरून वासरांना पाजत नाहीत, पोरांच्या तोंडचं काढतात, गावचं दूध ओततात आणि गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते, तिनं आधी लेकराबाळांना जेवू घातलंय, गाईवासरांना चारा घातलाय, आणि मग उरलेलं खुलभर दूध आणलंय. तेवढ्यात गाभारा भरतो.

यात राजाला शिक्षा काय झाली? काही नाही. राज्य गेलं नाही, कोड फुटलं नाही. नुसतं भरलं नाही. म्हातारी त्याला तोंडावर सांगते की वासरांचे, पोरांचे आत्मे तळमळले, म्हाताऱ्याकोताऱ्यांची हाय लागली, मग कसा भरेल. मला हे कोणत्याही वीज पडण्यापेक्षा जबरी वाटतं. ताकद वापरून सगळं गोळा केलं आणि भांडं रिकामंच.

दुसरी बुध-बृहस्पतीची. दोन मामाभाचे भिक्षेला येतात, राजाच्या सुना म्हणतात आमचे हात रिकामे नाहीत. पुढं दारिद्र्य येतं आणि हात खरंच रिकामे होतात. मामाभाचे पुन्हा दारात. सुना म्हणतात असतं तर दिलं असतं. फक्त धाकटीच्या लक्षात येतं की होतं तेव्हा दिलं नाही आणि आता नाही म्हणून नाही, म्हणजे हे दोघे दोन्ही वेळा विन्मुखच. ही धाकटी सून मला मराठीतल्या फार हुशार पात्रांपैकी एक वाटते, तिला नाव पण नाही कहाणीत.

बटरखारी
रविवार, दुपारी १२.२०

सात्त्विक चाललंय सगळं, मी जरा रक्त आणतो. (पुढे कथा फुटणार आहे, ज्यांनी वाचली नाही त्यांनी खाली सरका.)

साकी या इंग्रजी लेखकाची 'स्रेदनी वश्तार'. पुस्तकात आली १९११ साली. दहा वर्षांचा आजारी मुलगा कॉनराडिन, डॉक्टरनं सांगितलंय पाच वर्षंही काढणार नाही, आणि त्याला सांभाळणारी लांबची बहीण मिसेस डी रॉप. ही बाई मारत-बिरत नाही हां, हेच भारी आहे. ती फक्त 'तुझ्या भल्यासाठी' एकेक गोष्ट काढून घेते. टोस्ट खायचा नाही, तब्येतीला वाईट. बागेतल्या पडक्या खोपटात त्यानं एक कोंबडी पाळलीय आणि पिंजऱ्यात एक मोठं फेरेट, म्हणजे आपल्या मुंगसाच्या वळणाचं जनावर. त्याला त्यानं देव केलंय. बाई कोंबडी विकते. पोरगं रडेल म्हणून वाट बघते, ते रडत नाही. मग एक दिवस ती खोपट साफ करायला जाते. हा खिडकीतून बघत बसतो आणि आपल्या देवाला म्हणतो माझं एक काम कर. बऱ्याच वेळानं दारातून ते जनावर बाहेर येतं, जबड्याला गळ्याला काहीतरी गडद ओलं लागलेलं, जाऊन ओढ्यावर पाणी पितं आणि झुडपात निघून जातं.

आणि आतमध्ये मोलकरीण किंचाळतेय, पोराला आता सांगायचं कुणी यावर कुजबुज चाललीय, आणि हा स्वतःसाठी टोस्ट भाजतोय. भरपूर लोणी लावून. एक खातो आणि दुसरा करायला घेतो.

भावांनो तो दुसरा टोस्ट!! मी ही कथा वाचली तेव्हा आत्याकडे राहून शिकत होतो, बाकी काही सांगत नाही. वळचणताई म्हणतात फळ मिळालं की सुटका होते. हो होते ना. हवीच असते काही जणांना सुटका. साकी स्वतः पण आत्यांच्या कडक शिस्तीत वाढलेला, त्यानं उगीच नाही लिहिली.

अर्धाकच्चा
रविवार, दुपारी १२.४१

तुझा आयडी बटरखारी का आहे ते आज कळलं.

वळचण
रविवार, दुपारी ३.१५

लोल. पण बटरखारी, हीच कथा चेकॉव्हनं लिहिली तर कशी होते बघ.

'वांका' बऱ्याच जणांना माहीत असेल, १८८६ची. नऊ वर्षांचा पोर, मॉस्कोत चांभाराकडे उमेदवारीला. मालकीण मासा साफ करायला देते, हा शेपटीकडून सुरुवात करतो म्हणून त्याच माशाचं तोंड धरून याच्या तोंडावर घासते. नाताळच्या आदल्या रात्री आजोबांना पत्र लिहितो मला घेऊन जा म्हणून, आणि पाकिटावर पत्ता, 'आजोबांना, खेड्यात'. खलास. मालकाला काही होत नाही, पत्र कुठं जात नाही, पोरगं समाधानानं झोपतं.

पण मला म्हणायचंय ते दुसरीबद्दल, १८८८ची, नाव साधारण 'झोप येतेय' असं. वार्का, तेरा वर्षांची, ही पण चांभाराच्याच घरी, त्यांचं तान्हं सांभाळायला. दिवसभर चूल, समोवार (चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं), बटाटे सोलणं, पाहुणे आले की वार्का हे आण वार्का ते आण, आणि रात्रभर पाळणा. बाळ रडतं. छतावर दिव्याचा हिरवा कवडसा हलतोय, दोरीवरच्या लंगोटांच्या सावल्या हलतायत. सकाळी मालक चिखलाचे रबरी बूट घासायला देतो, त्यातला एक केवढा मोठा आणि खोल आहे, तिला वाटतं त्यात डोकं घालून जरा डुलकी काढावी. हे वाक्य आलं की मी पुस्तक मिटते दर वेळी.

शेवटी रात्री तिला कळतं की आपल्याला झोपू न देणारा शत्रू कोण आहे ते. बाळ. ती त्याचा गळा दाबते, आनंदानं हसते आणि जमिनीवर आडवी होऊन गाढ झोपते.

म्हणजे फळ मिळालं ना छळणाऱ्यांना? मूल गेलं त्यांचं. आता लाव टोस्टला लोणी. मला नाही लावता येत. फळ आलं पण ते ज्या डोक्यावर पडलं त्यानं काहीच केलं नव्हतं, आणि वार्का सकाळी उठेल तेव्हा तिचं काय ते तर चेकॉव्ह लिहीतच नाही.

दुपारची_झोप
रविवार, दुपारी ३.५०

बाप रे. आयडी बदलावा का विचार करतेय.

चुकीच्या डोक्यावरून आठवली, रवींद्रनाथांची 'संपत्ति समर्पण'. यज्ञनाथ कुंडू महाकंजूष, सून आजारी तर महागडं औषध आणू देत नाही, ती जाते, मुलगा चिडून नातवाला घेऊन घर सोडतो. काही वर्षांनी गावात घरातून पळालेला एक पोर येतो, निताई पाल. म्हातारा त्याला लपवतो, खाऊपिऊ घालतो, आणि एका रात्री पडक्या देवळाखालच्या भुयारात नेतो, नाण्यांनी भरलेले हंडे दाखवतो, पूजा मांडतो, पोराकडून वदवून घेतो की माझ्या नातवाच्या स्वाधीनच हे धन करीन. म्हणजे पोराचा यक्ष करतोय, धनाची राखण करायला. आणि शिडी वर घेऊन वरून दगड माती. आजोबा आजोबा म्हणून आवाज येतोय खालून.

मग मुलगा परत येतो आपल्या हरवलेल्या पोराला शोधत. म्हाताऱ्याच्या बदनामीची लाज वाटून त्यांनी नावं बदललेली असतात. पोराचं बदललेलं नाव निताई.

कॉलेजात बाईंनी सांगितली होती, सांगून झाल्यावर वर्गात कोणी वही मिटेना. फळ म्हणाल तर यापेक्षा जास्त काय फळ मिळायचं. पण नातू निघाला म्हणून भयंकर, आणि खरंच कुणा परक्याचा निताई पाल असता तर? तर म्हाताऱ्याला रात्री शांत झोप लागली असती. मला त्या विचारानं जास्त गार व्हायला होतं.

गावकूस
रविवार, रात्री ९.१८

सगळं वाचलं. छान लिहिताय सगळे. पण मला थोडं वेगळं बोलायचंय, रागवू नका.

'फळ मिळालं नाही की कथा मनात राहते' हे कुणाला परवडतं? जो कोरड्यात बसून वाचतोय त्याला. चेकॉव्ह थोर आहे, मान्यच. पण पावसात जो उभा आहे त्याला ही कलाकुसर नको असते, त्याला दार उघडायला पाहिजे असतं आणि नाही उघडलं तर दार मोडायला. आमच्या वस्तीत सावकाराच्या गोष्टी रंगायच्या, शेवटी त्याच्या तोंडात किडे पडायचे, त्याची म्हैस मरायची, त्याचा पोरगा पिऊन मरायचा. खरा सावकार नव्वदीपर्यंत ठणठणीत जगला. गोष्टीतल्या म्हशीवरच राग काढायचा, दुसरं होतं काय हातात.

प्रेमचंदांची 'सद्गती' घ्या. दुखी चांभार, पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला पंडित घासीरामाकडे जातो. उपाशीपोटी. पंडित म्हणतो आधी अंगण झाड, ओसरी सारव, भुसा आत टाक, तो ओंडका फोड. ओंडक्याला गाठ. चिलमीला विस्तव मागतो तर पंडितीण लांबूनच फेकते आणि निखारा पडतो डोक्यावर. आणि दुखीला काय वाटतं, तर आपण बामणाचं घर बाटवलं त्याचं हे फळ मिळालं! बघा, फळ हा शब्द तिथं कुणाच्या बाजूनं वापरलाय. मला म्हणूनच 'फळ' शब्दाची भीती वाटते. दुबळ्याला पहिल्यापासून हेच शिकवलेलं असतं की तुझ्या वाट्याला आलंय ते तुझंच फळ.

तर दुखी कुऱ्हाड मारता मारता तिथंच मरतो. आता प्रेत पडलंय विहिरीच्या वाटेवर. त्याला मघाशी मदत करायला आलेला एक गोंड असतो, तो जाऊन वस्तीत सांगतो की खबरदार, प्रेत उचलायला जाऊ नका. आणि कुणी जात नाही. एवढंच करतात ते लोक. न जाणं. बामणांचं पाणी बंद. मग वास सुटायला लागतो तेव्हा पंडिताला स्वतः भल्या पहाटे पायाला फास टाकून ओढत न्यावं लागतं गावाबाहेर. ज्याची सावली चालत नव्हती त्याचं प्रेत ओढतोय. घरी येऊन आंघोळ, गंगाजल, पाठ. झालं शुद्ध.

सत्यजित राय यांनी १९८१ ला दूरदर्शनसाठी पिक्चर केला यावर, ओम पुरी, स्मिता पाटील, आणि पंडित मोहन आगाशे. तो ओढण्याचा सीन बघा. फळ मिळालं का नाही मिळालं ते तुम्हीच ठरवा, मला प्रत्येक वेळी वेगळं वाटतं.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' पण (संग्रह १९६३ चा). शेवटी नायक मार खातो आणि मारणाऱ्यांबद्दल म्हणतो की मला त्यांनी नाही, मनूनं मारलं. मग मनूला शिक्षा कोण करणार, कुठल्या पानावर?

वळचण
रविवार, रात्री ९.४०

गावकूस, रागवायचं काय त्यात. कोरड्यात बसून हा शब्द लागला, आणि तो लागायलाच हवा होता. 'परवडतं कुणाला' यावर माझ्याकडे उत्तर नाही. विचार करते.

फ्लॅट_९०२
रविवार, रात्री ११.०३

मी कधीच लिहीत नाही इथे, पण वार्का वाचून हात थरथरायला लागले म्हणून.

आधी राहायचो त्या सोसायटीत आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब होतं. चांगली माणसं, दिवाळीला घरचा फराळ पाठवणारी. त्यांच्याकडे बाळ सांभाळायला एक मुलगी होती, विचारलं तर अठरा सांगायचे, बारा-तेराच्या वर एक दिवस नसेल. बाळ गुटगुटीत, तिच्या कडेवर मावायचं नाही, ती कमरेतून वाकडी व्हायची. एकदा लिफ्टमध्ये तळमजल्याला मी आणि ती चढलो. दार बंद झालं आणि तिनं डोकं लिफ्टच्या भिंतीला टेकलं, डोळे मिटले. नवव्या मजल्यापर्यंत झोपली. बाळाला धरलेले हात मात्र घट्ट. माझा मजला आला तेव्हा मी दार हळूच लावलं, तिची झोप मोडू नये म्हणून. केवढी दया बघा माझी.

चौदाच्या आतल्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे हे मला माहीत होतं. ऑफिसात याच विषयावर मी बोलले पण आहे तावातावानं. पण फराळ यायचा ना. ते लोक पुढं मोठ्या घरात गेले, गृहप्रवेशाला आम्हाला बोलावणं होतं. ती मुलगी तिथं नव्हती. विचारलं नाही.

तर कथेत वाईट माणसाला फळ मिळतं का वगैरे वाचताना मला सारखं वाटतंय की चेकॉव्हच्या त्या घरी जे पाहुणे येतात, ज्यांच्यासाठी वार्का समोवार ठेवते, त्यांच्याबद्दल कुणी काही बोलतच नाहीये.

शेंगदाणा
सोमवार, सकाळी ८.०२

रुमाल उचलून घेतो. यानंतर मी काय लिहू.

अर्धाकच्चा
सोमवार, सकाळी १०.१५

जरा वातावरण हलकं करायला म्हणून आलो होतो, मग वाटलं नको.

एकच शंका, कुणी एडगर पो वाचलाय का? 'हॉप-फ्रॉग' म्हणून आहे, १८४९ची, राजाचा खुजा लंगडा विदूषक आणि त्याची मैत्रीण. राजा तिच्या तोंडावर दारू फेकतो. मग विदूषक राजाला आणि सात मंत्र्यांना माकडांचं सोंग घ्यायला लावतो, डांबर फासून, जवसाचे धागे चिकटवून, साखळीनं एकत्र बांधून, आणि भर दरबारात वर खेचून पेटवून देतो. आठच्या आठ. मंत्र्यांनी काय केलं होतं? हसले होते. पोच्या हिशोबात हसणाऱ्यांना पण सेम शिक्षा. फ्लॅट_९०२ यांचं वाचून आठवली, टोमणा म्हणून नाही हां, प्लीज.

फ्लॅट_९०२
सोमवार, सकाळी १०.२९

टोमणा म्हणून घेतला तरी चालेल.

तळटीप
सोमवार, दुपारी १.३०

पो मला फार कर्कश वाटतो. गोगोल घ्या. 'ओव्हरकोट', १८४२. अकाकी अकाकियेविच, नकला उतरणारा गरीब कारकून, ऑफिसातले त्याच्या डोक्यावर कागदाचे कपटे टाकायचे बर्फ पडतोय म्हणून. पोटाला चिमटा घेऊन नवा कोट शिवतो, पहिल्याच रात्री चोरीला जातो. तक्रार घेऊन एका 'बड्या असामी'कडे जातो, ती असामी समोर बालमित्र बसलाय म्हणून रुबाब दाखवायला याच्यावर अशी काही ओरडते की हा उभ्या उभ्या कोसळतो, तापानं मरतो. मग त्याचं भूत शहरात लोकांचे कोट ओढत फिरतं आणि एका रात्री त्या बड्या असामीचा कोट काढून घेतं.

आता लोकांच्या लक्षात भूत राहतं. माझ्या लक्षात त्यानंतरची एक ओळ राहिलीय. त्या दिवसापासून तो साहेब हाताखालच्यांवर 'तुम्ही कुणाशी बोलताय कळतंय का' असं कमी वेळा ओरडायला लागला, आणि ओरडला तरी आधी समोरच्याचं म्हणणं ऐकून घेऊन मग. बास. एवढाच बदल. माणूस सुधारला नाही, साधू झाला नाही. ऐकून घेऊन मग ओरडायला लागला. मी वीस वर्षं सरकारी हापिसात आहे, मला विचाराल तर हे भूत फार मोठं काम करून गेलं.

आणि याच्या उलट टोकाला टॉल्स्टॉयची 'नाचानंतर'. रात्री नाचात कर्नल बाप मुलीबरोबर किती प्रेमानं नाचतो, उजव्या हातात मऊ कातडी मोजा चढवून, सगळं नियमाप्रमाणे झालं पाहिजे म्हणून. निवेदक पोरीच्या प्रेमात, बापावरही खूश. पहाटे परतताना बघतो तर मैदानात पळून गेलेल्या तातार शिपायाला दोन रांगांमधून फटके मारत नेतायत, आणि तोच कर्नल बाजूनं चालतोय. एक किरकोळ शिपाई हळू मारतो म्हणून कर्नल त्याच्या थोबाडीत मारतो. त्याच मोज्याच्या हातानं. कर्नलला काही होत नाही. निवेदकाचं प्रेम विरत जातं, आयुष्याचा रस्ता बदलतो. म्हणजे फळ साक्षीदाराला. इथं फ्लॅट_९०२ बाईंचा मुद्दा येतो असं मला वाटतं, बघा पटतं का.

बटरखारी
सोमवार, दुपारी १.५५

तळटीप साहेब __/\__ दंडवत. तरी पण माझा टोस्ट मी सोडणार नाही.

निवृत्त_मास्तर
सोमवार, रात्री ८.४७

मुलांनो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं होतो. टायपिंग हळू आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

वांकाची गोष्ट मी सातवीला नेहमी वाचून दाखवायचो, पुस्तकात असो नसो. वाचून झालं की सांगायचं, वांकाला पत्र लिहा. बहुतेक मुलं रडकं लिहायची. एकदा एका मुलानं लिहिलं होतं, तुझ्या पत्त्यात गावाचं नाव नाही, तालुका नाही, तू दुसरं पत्र लिही आणि पत्ता मला विचार. वही अजून ठेवलेली आहे.

पण मला सांगायचंय ते दुसरं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता, तोतरा. शेतमजुराचा. क वर अडकायचा. मी त्याला मुद्दाम उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचो, आणि तो अडकला की फळ्याकडे तोंड करून थांबायचो. का, तर मला हसू यायचं ते पोरांना दिसू नये म्हणून. पोरं मात्र हसायची. हे वर्षभर. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, ही सबब नाही, आकडा सांगतोय.

दोन वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर एक गृहस्थ आले, पाया पडले. बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा. मला ओळखू येईना. नाव सांगताना अडकले तेव्हा ओळखलं. मुलाला म्हणाले, हे माझे सर, यांनी मला सगळ्या वर्गापुढं वाचायला लावलं म्हणून मी चारचौघांत बोलायला शिकलो. चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. मुलगा माझ्याकडे फार आदरानं बघत होता. गाडी लागली, ते गेले, मी स्टँडवर बसून राहिलो, माझी गाडी पण गेली.

वळचणताई, तुमच्या कहाणीत मला कुठं बसवाल?

दुपारची_झोप
सोमवार, रात्री ९.०५

मास्तर...

गावकूस
सोमवार, रात्री ९.३३

सर, नमस्कार करतो आधी. हे लिहायला धाडस लागतं.

पण एक सांगू? त्या माणसाला तुम्ही फळ्याकडे का तोंड करायचात ते कळलं नसेल असं समजू नका. तोतरं पोर सगळं बघतं, बोलायचं काम नसतं ना त्याला. त्याला सगळं आठवत असेल. पण शेजारी पोरगा उभा होता. त्यानं पोराला सांगायला दुसरी गोष्ट केली असेल तयार, ज्यात त्याचा बाप हसण्यावारी गेला नाही. मी पण माझ्या पोरांना माझ्या शाळेच्या गोष्टी सांगतो. त्यातल्या निम्म्या तशाच आहेत.

निवृत्त_मास्तर
सोमवार, रात्री १०.१२

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वळचण
मंगळवार, रात्री ११.२०

दोन दिवस काही लिहिता आलं नाही, वाचत होते सगळं.

आज रात्री परत चिऊकाऊच होती. मी यादी छोटी केली, अंघोळ, पुसणं, तीट, आणि लगेच दार उघडायला निघाले तर कन्या म्हणाली थांब, मी सांगते. म्हटलं सांग. तर म्हणे, चिऊताईनं दार उघडलं आणि बाहेर कावळा नव्हताच. गेला होता. कुठं गेला? माहीत नाही. मग चिऊताईनं काय केलं? म्हणे दार बंद केलं आणि बाळाला झोपवलं, आणि मग ना, वाऱ्यानं जरा काही वाजलं की ती उठून दार उघडायची.

किती दिवस, मी विचारलं. म्हणाली रोज. आणि कुशीवर वळून झोपली.

बटरखारी
मंगळवार, रात्री ११.३१

आज टोस्ट नको.

शेंगदाणा
बुधवार, सकाळी ७.४४

आईला काल फोन करून विचारलं की आजीच्या गोष्टीत कावळ्याचं बूड खरंच भाजायचं का. आई म्हणाली आजी आधी तसं सांगत नव्हती, पानशेतच्या पुरात आमचं घर गेल्यावर तीन महिने नातेवाइकांकडे काढले, त्यानंतर तव्याचं सुरू केलं. मी म्हटलं म्हणजे आजी कावळा होती का चिमणी? आई म्हणाली, मला दूध आणायचंय, नंतर बोलू.

१९६१ चं आहे हे. दुपारी परत फोन करतो.